सहा नंबरच्या टेबलावरचा शेरा

ते साल दोन हजार अठरा. ताईला परतीच्या गोदामात लागून सव्वा वर्ष झालं होतं. लोक फोनवरून वस्तू मागवत, पसंत पडली नाही की परत पाठवत, आणि परत आलेली प्रत्येक वस्तू या लांबलचक, पत्र्याच्या, पंख्यांनी घुमणाऱ्या खोलीत कुणाच्या तरी टेबलावर येऊन उघडी पडत असे. सहा नंबरचं टेबल बायकांच्या वरच्या कपड्यांचं. त्यावर ताई. एका मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीला वीस मिनिटं असताना, तिनं एक पाकीट कापलं, आतून करड्या रंगाचा आखूड कोट काढला, झटकला, आणि तिचे हात तसेच हवेत राहिले. कोटातून जणू तिची धाकटी बहीण छबीच बाहेर आली होती.

पाकिटावर नाव नव्हतं. नावं टेबलापर्यंत येऊच द्यायची नाहीत असा तिथला दंडक होता. पडद्यावर दिसायचे फक्त खात्याच्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आणि कोणत्या भागातून माल आला ते. भाग छबीच्या घराचा होता. पण तो नंतर पाहिला. आधी आला तो वास. निळ्या डब्यातल्या लव्हेंडर पावडरीचा, जी छबी लग्नाआधीपासून मानेला लावायची आणि अजूनही लावते. मग दिसला खांदा. डाव्या खांद्यावर कापड जरासं ढळलेलं, आणि त्यामुळे बाही जोडतात त्या मुंढ्यापाशी एक तिरकी ओढ. वडिलांचा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा बोटभर खाली होता. तो खांदा ताईला आला नाही, छबीला आला. आणि गंमत अशी की वडील त्यामुळे कायम कुणीतरी हाक मारल्यासारखे वाकडे दिसत, तर छबी मात्र चित्रातल्यासारखी दिसे. व्यंगसुद्धा काही माणसांच्या अंगावर दागिना होऊन बसतं.

टॅग जागच्या जागी होता, पण त्याचा दोरा मऊ पडला होता. दिवसभर बाहीत दडपलेला टॅग असाच होतो. म्हणजे कोट मागवायचा, मिरवायचा, आणि 'मापात बसला नाही' म्हणून परत करायचा. असले कपडे रोज यायचे. शेजारच्या पाच नंबरवरच्या नर्सबाई बुटांच्या टेबलावर होत्या. इस्पितळातून निवृत्त झालेल्या, त्यामुळे कशालाच नाक मुरडत नसत. परवाच त्यांनी एक जोडा उलटा करून दाखवला होता. "बघा ताई, तळ झिजून चाळण झालीय, आणि कारण काय लिहिलंय? 'रंग आवडला नाही.' अहो, रंग उडाल्यावर कसा आवडेल?" सगळ्या हसल्या होत्या. ताईही हसली होती. आज ती हसली नाही.

समोरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत सूचना लावलेली होती: माल ओळखीच्या माणसाचा वाटल्यास हात लावू नये, शेजारच्या टेबलाला द्यावा. कामावर घेताना मुकादमानं हे तीनदा बजावलं होतं. "नात्यातला माल तपासलात तर त्याच दिवशी घरी. मग तुम्ही खरं लिहा नाहीतर खोटं." ताईनं सूचनेकडे पाहिलं. नर्सबाईंकडे पाहिलं, त्या एका सँडलचा पट्टा ओढून बघत होत्या. मग तिनं पडद्यावरच्या चार बटणांपैकी शेवटचं दाबलं. नवं, उघडलेलं, सदोष, वापरलेलं. वापरलेलं. खाली शेरा लिहायची जागा होती; तो माल पाठवणाऱ्यालाही फोनवर दिसायचा. इतर टेबलांवर दोन शब्द लिहीत. ताईनं लिहिलं, 'अंगावर निदान सहा तास. डाव्या मुंढ्याजवळ ओढ. गळपट्टीच्या आत पावडर.' आणि तिला इतकं हलकं वाटलं की जेवणाच्या सुट्टीत तिनं नर्सबाईंना आपल्या डब्यातलं अर्धं देऊन टाकलं.

सगळ्या जगात थोरलीचे कपडे धाकटीला जातात. त्यांच्याही घरी तसंच सुरू झालं होतं. पण ताई तेराव्या वर्षी उंचीला थांबली आणि छबी अकराव्या वर्षी जी वाढायला लागली ती थांबेचना. एका वर्षात पाणी उलटं वाहू लागलं. छबीला आखूड झालेला फ्रॉक आई ताईपुढे धरायची आणि म्हणायची, "घाल गं, तुला अगदी बरोबर होईल." तसा तो होईही, हेच वाईट होतं. नवं कापड छबीसाठी यायचं, कारण तिला जुनं बसणारंच काही नव्हतं. ताईनं काय घालायचं? धाकट्या बहिणीनं घालून सोडलेलं. शाळेत पोरी विचारत, "हा छबीचाच ना?" ती म्हणे, "नाही, तसलाच दुसरा." मग एका दुपारी तिनं आईची कात्री घेऊन छबीच्या जुन्या फ्रॉकचा डावा खांदा उसवला, सरळ केला, पुन्हा टाचला. त्या फ्रॉकमधून छबीचं अंग काढून टाकायचं होतं तिला. तिथून तिचा धंदा सुरू झाला. पुढं छत्तीस वर्षं तिनं एका दुकानात दुसऱ्यांचे कपडे बेतले, आणि लोक म्हणत, ताईंच्या हाताला देणगी आहे. देणगी कसली? पोटातली आग होती ती, टीप घालत बसली होती. तयार कपड्यांच्या रेट्यात ते दुकान बंद पडलं आणि ताई इथं आली. घरी तिनं सांगितलं होतं की ती कपड्यांच्या कारखान्यात शिवणी तपासते. लोकांच्या काखांचे वास घेते असं कोण सांगेल? खोटं नव्हतं ते. अर्धं होतं.

त्या रविवारी ती छबीकडे गेली. छबीचा नवरा दातांचा डॉक्टर. खाली दवाखाना, वर घर, घराला मोठाल्या खिडक्या, आणि बेडरूममध्ये पायापासून डोक्यापर्यंत दिसेल असा आरसा. मूलबाळ मात्र नव्हतं. देवानं छबीच्या पदरात सगळं टाकलं, एवढं एक ताईच्या. तेही उशिरा, चौतिसाव्या वर्षी झालेली एकुलती एक लेक. ताई जिना चढत असताना वरून हसण्याचे आवाज येत होते. तिनं घंटी वाजवली, तसं हसू थांबलं. दार लेकीनं उघडलं. "आई? तू कशी आज?"

"का? माझ्या बहिणीकडे यायला चिठ्ठी काढायला हवी का?"

"तसं नाही गं. बस ना."

हे अलीकडे फार झालं होतं. लेक फोनवर विमा विकायच्या नोकरीला होती. सुट्टी मिळाली की मावशीकडे. आठवड्यातून दोनदा तर राहायलाच. छबी आतून आली, अंगात जुना विटका गाऊन, हातात ब्रश. "ताई, बरं झालं आलीस. यांचे दातांचे साचे धुऊन धुऊन बोटं वाकडी झाली माझी."

"समारंभ होता वाटतं परवा कुठं?"

"कसला समारंभ? आमच्याकडे लोक तोंड उघडून येतात आणि रडत जातात."

ताईनं तिच्या मानेकडे पाहिलं. पावडरीची पांढरी रेघ होती. खोटं बोलताना छबी लहानपणीही अशीच सरळ डोळ्यांत बघायची. खरं बोलतानाही तशीच बघायची, पण ते ताईला त्या वेळी आठवलं नाही. तिनं चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाली, आणि परत येताना पूर्ण रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढे तो करडा कोट होता. छबीच्या अंगावर, कुठल्यातरी उजळ दिवाणखान्यात, आणि भोवती लोक वळून बघताहेत. आणि कोट कुणाचा? कुणाचाच नाही. फुकटचा. जिनं आयुष्यभर नवंच घातलं तिला नवेपणासुद्धा फुकट हवा होता.

दुसरं पाकीट तीन आठवड्यांनी आलं. गडद निळा कोट. शेवटचे चार आकडे तेच. आता ताई वाट पाहू लागली होती. पाकिटं कापताना तिची नजर आधी पडद्यावरच्या त्या चार आकड्यांकडे जाई, प्रेमपत्राची वाट पाहणाऱ्या पोरीसारखी. तिसरं आलं तेव्हा खात्याला ताकीद गेली, हे पडद्यावर लाल अक्षरांत दिसलं. नियम सरळ होता. तीनदा 'वापरलेलं' ठरलं की ताकीद, चौथ्यांदा खातं बंद, आणि बंद झालेलं खातं त्या पत्त्यावर पुन्हा दुसऱ्या नावानंही उघडत नाही. चौथा कोट काळा होता, फार सुंदर शिवलेला. ताईनं तो टेबलावर पसरला आणि क्षणभर त्याच्या अस्तरावरून नुसता हात फिरवला. पन्नास वर्षांनी ती पुन्हा छबीच्या अंगावरून उतरलेला कपडा हातात धरून उभी होती, पण या खेपेला तो घालायचा नव्हता. तिनं शेरा लिहिला आणि बटण दाबलं. मुकादम मागून जाता जाता म्हणाला, "ताई, तुमचे शेरे वाचायला लागलो मी. कपडा बोलतो तुमच्याशी." तिनं मान खाली घातली.

दोन दिवसांनी, संध्याकाळी, दिवे लागायच्या सुमारास लेक घरी आली. चप्पल न काढता आत आली आणि खुर्चीत बसली. "आई, तुला एक सांगायचंय, पण ओरडायचं नाही."

"सांग."

"माझं खातं बंद केलं त्यांनी. फोनवरून कपडे मागवायचं. मी मुलाखतींना जात होते, चार झाल्या. बँकेत, हॉटेलात. तिथं बसणाऱ्या पोरी बघितल्यास का तू? मी मावशीच्या पत्त्यावर कोट मागवायचे, तिच्याकडेच तयार व्हायचे, तिचीच पावडर लावून, आणि दुसऱ्या दिवशी परत पाठवायचे."

ताईच्या हातात भाजी निवडायची सुरी होती. ती तिनं ताटात ठेवली; आवाज होऊ नये इतकी हळू. "कोट मी शिवला असता तुला."

"आई, घरचं शिवलेलं घरचंच दिसतं गं."

तेव्हा ताईनं लेकीकडे पाहिलं, आणि कितीतरी वर्षांनी तिला तिचा डावा खांदा दिसला. अर्धा बोटभर खाली. वडिलांचा, छबीचा, तिच्या लेकीचा. सातव्या वर्षापासून ती लेकीच्या प्रत्येक कपड्यात डाव्या बाजूला कापसाची पातळ गादी घालत आली होती, कुणाला कळू नये अशी. इतकी वर्षं घातली की तिच्या स्वतःच्याच डोळ्यांना तो खांदा सरळ दिसायला लागला होता. दुसऱ्या कुठल्याही आईला कळलं असतं. शिंपीण होती म्हणून तिला कळलं नाही.

"आणि आई, हे मावशीनं केलंय."

"काय?"

"तिनंच कळवलं त्यांना. दुसरं कुणाला माहीत होतं? पहिल्या कोटापासून म्हणत होती, हे बरं नाही, मी विकत घेऊन देते. मी नाही म्हटलं. शेवटच्या वेळी म्हणाली, पुन्हा पाठवलास तर मीच सांगेन त्यांना. मला वाटलं चेष्टा करतेय. शेरे नि ताकीद आधीही आली, पण ती बोलली आणि खातंच गेलं." लेकीचे डोळे भरले. "मी नाही जाणार आता तिच्याकडे."

छबी नको म्हणाली होती. छबीनं विकत घेऊन देते म्हटलं होतं. म्हणजे या सगळ्यात स्वच्छ राहिली ती छबीच. ताईला आधी लाज वाटायला हवी होती, पण आधी मत्सरच वाटला. सवयीचा पाय अंधारातही आपली पायरी शोधतो तसा. आणि मग, त्या पायरीवरून उतरल्यावर, तिला जाणवलं की समोर जे बसून रडतंय ते आता पूर्णपणे तिचं आहे. काही करायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. "पुस डोळे," ती म्हणाली. "होतं असं. माणसं ओळखायला वेळ लागतो."

ते अकरा दिवस! ताईच्या आयुष्यात तसे दिवस पुन्हा आले नाहीत. लेक कामावरून सरळ घरी यायची. दोघी एका ताटलीतून खायच्या. लेक पाय पसरून फोनवरच्या गिऱ्हाइकांच्या नकला करायची आणि ताई हसून हसून डोळे पुसायची. मावशीचा फोन वाजला की लेक तो उपडा ठेवायची. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन म्हणाली, "शिव मला कोट. पाचवी मुलाखत आहे." ताईनं साठवणीतलं लोकरी कापड काढलं, जे तिनं कुणासाठी ठेवलं होतं ते तिलाही माहीत नव्हतं. बेतताना तिचा हात एकदाही चुकला नाही. आणि तरी, दुपारी गोदामात पाकीट कापताना तिची कात्री अचानक मधेच थांबायची. सुख असं चोरून खायचं असेल तर चव लागते, पण गिळताना ऐकू येतं. ती नर्सबाईंना म्हणाली, "एखाद्यानं केलेलं दुसऱ्याच्या नावावर गेलं तर काय करावं हो?" नर्सबाई म्हणाल्या, "इस्पितळात तर रोज असंच व्हायचं. चूक डॉक्टरची, बोलणी आम्हाला." आणि एक जोडा उलटा करत, "पण आम्हाला पगार होता त्याचा."

अकराव्या दिवशी छबी आली. लेक कामावर असताना, मुद्दाम. दारातच उभी राहिली, किंचित वाकडी, आणि ताईला वाटलं, वय झालं हिचं.

"ये की आत. परकी का झालीस?"

छबी मशिनीजवळच्या स्टुलावर बसली. टाचण्या लावलेल्या कोटाकडे बघत म्हणाली, "छान बेतलायस." मग म्हणाली, "ताई, तो शेरा मी वाचला."

"कसला शेरा?"

"पोरीनं पहिल्या कोटाच्या वेळी दाखवला होता फोनवर. हसत होतो आम्ही, कोण हा इतकं बारीक बघणारा म्हणून. मला चौथ्या वेळी कळलं. 'मुंढ्याजवळ ओढ.' असं बोलणारी माणसं दोनच, आई आणि तू. आई जाऊन वीस वर्षं झाली."

पंखा फिरत होता. ताईनं एक टाचणी काढली आणि पुन्हा तिथंच लावली. "मला माहीत नव्हतं तिचा आहे."

"ते माहितेय मला. माझा वाटला तुला." हे छबी इतक्या साधेपणानं म्हणाली, जणू पावसाची गोष्ट सांगत होती. "मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही."

"का?"

"तिला वाटतंय मी कळवलं. वाटू दे. थोडे दिवस तुझ्याकडे राहील तरी. माझ्याकडे सारखी यायची, ताई. मला बोलायला हवं होतं की आईकडे जा. नाही बोलले. गोड लागत होतं." ती उठली. "नोकरी सांभाळ तुझी."

ती गेली. ताई कितीतरी वेळ जिन्यावरची तिची पावलं ऐकत राहिली, थांबल्यावरही. छबीनं भांडावं, ओरडावं, आईबाप काढावेत. ते सगळं ताईला पेललं असतं. तिला त्याची उत्तरं चाळीस वर्षांपासून पाठ होती. पण तिनं लेक देऊन टाकली होती. अंगावरून उतरवून, घडी करून, घे, तुला अगदी बरोबर होईल. म्हणजे हे अकरा दिवस ताईचे नव्हतेच. छबीनं सोडलेले होते. आणि उद्यापासूनचा प्रत्येक दिवस, लेकीचं प्रत्येक हसू, छबीच्या मेहेरबानीवर. ताई रात्रीचं जेवली नाही. पोट बिघडलंय म्हणाली.

सकाळी लेक कोट घालून खिडकीशी उभी होती आणि ताई तोंडात टाचण्या धरून तिच्या बाहीचं माप घेत होती. तिनं त्या एकेक करून टाचण्यांच्या उशीत खोवल्या, तोंड मोकळं केलं आणि म्हणाली, "मावशीनं नाही कळवलं. मी केलं ते."

"काय केलंस?"

"शिवणी नाही तपासत मी. परत आलेले कपडे तपासते. तुझे चारही कोट माझ्या टेबलावर आले. चारही वेळा मी बटण दाबलं."

लेक हलली नाही. कोट टाचलेला होता म्हणून हलली नाही की काय, कोण जाणे. "तुला कळलं नाही माझे आहेत?"

"नाही. मला वाटलं छबीचे."

"मावशीचे म्हणून दाबलंस?"

"हो."

"मग मावशीला कळलं होतं?"

"काल आली होती. म्हणाली, नाही सांगणार."

"मग तू का सांगतेयस?"

इथं ताईला कितीतरी चांगली उत्तरं देता आली असती. तुझ्यासाठी. खरं ते खरं म्हणून. मन खात होतं म्हणून. पण जी बाई कपड्यांविषयी खोटा शेरा लिहू शकत नव्हती तिला इथंही तो लिहिता येईना. "तिचे उपकार नकोत मला," ती म्हणाली.

लेकीनं कोटाकडे पाहिलं नाही, आईकडेच पाहिलं. "म्हणजे हेसुद्धा माझ्यासाठी नाही." मग तिनं कोट उतरवला, टाचण्या टोचू नयेत अशा बेतानं, लहान मुलाला उतरवावं तसा, आणि मशिनीवर ठेवला.

त्याच दिवशी ताईनं मुकादमाला सांगितलं. नियमाप्रमाणे तिला संध्याकाळी घरी पाठवलं आणि तिचे चारही शेरे रद्द झाले. ते कोट अजून मागच्या फळीवर होते. ते पुन्हा तपासायला नर्सबाईंकडे दिले गेले, आणि त्यांनीही चारही वेळा 'वापरलेलं' हेच बटण दाबलं, त्यामुळे लेकीचं खातं काही उघडलं नाही. नर्सबाई पुढं दोन वर्षं त्याच टेबलावर होत्या; मग गुडघ्यांनी उत्तर दिलं आणि त्या भाच्याकडे राहायला गेल्या. मुकादम मोठ्या गोदामावर बदलून गेला. लेक तीन महिने मावशीकडे राहिली. सातव्या मुलाखतीत तिला एका हॉटेलात नोकरी लागली. तिथं सगळ्यांना कपडे हॉटेलच देतं. आता ती दुसऱ्या शहरात असते, दर रविवारी दोघींना फोन करते आणि कुणाला आधी केला ते सांगत नाही. दातांचे डॉक्टर चार वर्षांपूर्वी गेले.

छबी आता सहासष्ट वर्षांची आहे आणि तिला फारसं आठवत नाही. घर आठवतं, फोनवरचा भाचीचा आवाज आठवतो. ताई कोण ते एक दिवसाआड आठवतं. ताई रोज दुपारी जाते, तिचे केस विंचरते, तिला खाऊ घालते, आणि एकदा बोलायला काही उरलं नाही म्हणून तिनं ही सगळी गोष्ट तिला सांगितली, दुसऱ्याच कुणाची म्हणून. एक बाई होती, तिला एक बहीण होती. छबीला ती गोष्ट फार आवडली. तेव्हापासून ती रोज मागते. ताई रोज सांगते, काही गाळत नाही, आणि मनातल्या मनात तिला छबीचा हेवा वाटतो, कारण विसरलेली ती आणि आठवायचं मात्र दोघींच्या वाट्याचं एकटीनं. गोष्ट संपली की छबी दर वेळी तिचा हात धरते.

"बिचारी," ती म्हणते. "मग त्या लेकीनं तिला माफ केलं का हो?"

"अजून विचारलं नाही त्या बाईनं," ताई म्हणते, आणि कंगवा पुन्हा हातात घेते.